लाँड्रीवाल्या बाईंची साक्ष

११ फेब्रुवारी

बाबा,

धाकट्याचा तुम्हाला आणि ताईला सलाम. तब्येत बरी आहे, दोन वेळचं पोटात जातं, आणि ताईनं विणलेला स्वेटर अंघोळीपुरताच अंगातून उतरतो. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि ताई मध्ये बसून सांगते ते निम्मं स्वतःच्या पदरचं असतं, म्हणून पत्रच बरं. इथून टाकलेलं पत्र तुम्हाला बारा दिवसांनी मिळेल असं पोस्टातला माणूस म्हणाला. मी विचारलं, "साधारण बारा ना?" तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बारा."

आमचं केंद्र म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि मागच्या अंगाला एक हॉल. खोल्यांना चोवीस तास टर्पेंटाइनचा वास. एका खोलीत सामान, दुसरीत मी आणि माझा जोडीदार. मिशनचा नियम असा की प्रचारकानं एकट्यानं कुठे जायचं नाही, जोडीनंच जायचं. माझा जोडीदार तिसऱ्याच देशाचा. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची येत नाही, त्यामुळे आम्ही दोघंही इथल्या भाषेत चुका करत एकमेकांशी बोलतो. अंगानं असा उंच की पाय घोट्यापासून खाटेबाहेर. मी त्याला लंबू म्हणतो. आपली अंथरूण पाहून पाय पसरायची म्हण त्याला समजावून सांगितली, तर म्हणाला, "अंथरूण शिवणाऱ्यानं माझे पाय पाहिले होते का?"

सकाळी कपड्यांचं काम. लोक जुने कपडे आणून देतात, आम्ही निवडतो, पोत्यात भरून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत धुवायला टाकतो आणि गरजूंना वाटतो. दुपारी घरोघर भेटी. भेटी म्हणजे काय, दार उघडतं तेच मुळी साखळीपुरतं. फटीतून एक डोळा दिसतो. आम्ही नाव-गाव सांगतो, पुस्तिका पुढे करतो. आतून "नको" येतं आणि दार बंद. धाडकन नव्हे हं, हळू, नीट, कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत. पहिला महिना मला हा अपमान वाटला. लंबू म्हणाला, "निदान खोटं तर बोलत नाहीत." तेही खरंच. आपल्याकडे 'पुढच्या रविवारी नक्की येतो' म्हणणारे सगळे आले असते तर पाळक म्हणून तुम्हालाच देवळाची भिंत मागे सरकवावी लागली असती.

एक गंमत सांगतो. लाँड्रीवाल्या बाईंनी पहिल्यांदा चहा विचारला. बाई पंचावन्नच्या आसपास, दंड इस्त्री ओढून ओढून पुरुषासारखे झालेले. दोन कप ओतून आणले. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको, राहू द्या." बाईंनी माझा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. लंबू समोर बसून भुरके मारतोय आणि मी दुसऱ्यांदा विचारतील म्हणून वाट बघतोय. कुठलं काय!

बाहेर आल्यावर लंबू म्हणाला, "तूच नको म्हणालास."

"तसं म्हणायचं असतं."

"मग हवा असेल तेव्हा काय म्हणता?"

"तेव्हाही नकोच म्हणतो. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, अर्धा कप द्या."

तो रस्त्यात पोट धरून हसला आणि दुसऱ्या दिवशी बाईंना सांगूनही टाकलं. त्या नाही हसल्या. इस्त्री बाजूला ठेवून मला म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडे माणूस तीनदा बोलला की त्यातलं कितवं खरं धरायचं?" मी म्हटलं, आमच्यात ते आपोआप कळतं.

रविवारी हॉलमध्ये सात माणसं असतात आणि सातही बाहेरून पोटासाठी आलेली. इथला, इथल्याच मातीतला असा अजून एकही नाही. त्यासाठी प्रार्थना करा.

आईचा फोटो पेटीतच आहे. भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही म्हणून लावला नाही.

तुमचा,
प्रभूच्या सेवेत,
धाकटा

•

९ एप्रिल

बाबा, सलाम.

आज आधी बातमी, ख्यालीखुशाली नंतर. इथल्या मातीतलं पहिलं माणूस आपल्या हॉलमध्ये आलं. लाँड्रीवाल्या बाई!

झालं असं की मार्चात मी पोती घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्यातला तो उंच मुलगा फार बेसूर गातो. रविवारी माझी यंत्रं बंद असतात, त्यामुळे ऐकावं लागतं."

मी म्हटलं, "मग आत येऊनच ऐका."

"कुठल्या रविवारी?"

"याच."

रविवारी वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात हजर. खिडकीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसल्या. तेव्हापासून दर रविवारी तीच खुर्ची. त्यांचे यजमान बस चालवतात, त्यांना रविवारचीही पाळी असते, ते येत नाहीत. पण बाईंना दारापर्यंत सोडतात आणि मला बघितलं की टोपीला हात लावून "छोटे पाळक" म्हणतात. थट्टेनंच, पण गोड.

बाईंना अकरा वर्षं साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ पोटात इंजेक्शन, स्वतःच टोचून घेतात. हे त्यांनी आपली वीज कुठे बिघडलीय हे सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, "प्रार्थना करू का?"

"केली की काय होतं?"

"प्रभू बरं करतो."

"करतो, की करू शकतो?"

मी म्हटलं, "करतो." बाबा, तो आवाज माझा नव्हता, तुमचा होता. तुम्ही देवळात म्हणता ना, छातीतून, तसा लागला.

गेल्या रविवारी उपासनेनंतर तुम्ही करता तशीच प्रार्थना केली. डोक्यावर हात ठेवला, मागणं मागितलं आणि त्याच श्वासात मिळालं म्हणून उपकारस्तुतीही केली. मग तुमच्याच रीतीनं त्यांना म्हटलं, "आता उभ्या राहा आणि साक्ष द्या."

"काय सांगू?"

"प्रभूनं मला बरं केलं, असं."

"केलं?"

"विश्वासानं म्हणायचं. बोला."

त्या आपल्या हातांकडे बघत बसल्या. मी पुन्हा म्हटलं, बोला. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "तुला ठाऊक आहे?" मी म्हटलं, "हो. बोला." मग त्या उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला प्रभूनं बरं केलं आहे." एवढंच. बसल्या. दुकानाला कुलूप लावल्यावर माणूस ते एकदा ओढून बघतो ना, तसा चेहरा होता. बाईंना धरून नऊ माणसं होतो आम्ही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

मुख्य केंद्राचे थोरले साहेब खास आले, बाईंचा फोटो काढून नेला. सगळ्या केंद्रांना जाणाऱ्या पत्रकात पहिल्या पानावर येणार आहे, खाली माझंही नाव.

लंबू मात्र तेव्हापासून जरा गप्प आहे. जेवताना विचारत होता, "आता त्या इंजेक्शन घेणार की नाही?"

मी म्हटलं, "घेतीलच की. आमच्या गावात सुईणआजींनी दम्यातून बरी झाले म्हणून चार वेळा साक्ष दिली. पंप कमरेलाच असतो. देवळात उभं राहायचं आणि दवाखान्यातही जायचं. ते काय सांगावं लागतं?"

"तुमच्याकडे लागत नसेल," तो म्हणाला.

त्या रविवारी आपलं देऊळ फार आठवलं. आई साक्षीला उभी राहिली होती ती सकाळही आठवली. असो.

तुमचा,
प्रभूच्या सेवेत,
धाकटा

•

२७ मे

बाबा, सलाम.

तुमचं पत्र मिळालं. माझं पत्र तुम्ही देवळात वाचून दाखवलंत, माणसं रडली, आणि पोरगं बापाच्या वर गेलं असं सुईणआजी म्हणाल्या, हे वाचलं. ताईनं खाली तिच्या अक्षरात लिहिलंय की तुम्ही त्या दिवशी दोन वेळा जेवलात. तुमचा आनंद कळला.

इथे आता थंडी सरली. आम्हाला मिशननं दोन सायकली दिल्या आहेत, लंबू त्याच्या सायकलवर बसला की टोळ बसल्यासारखा दिसतो. इथे कचरा चार डब्यांत वेगवेगळा टाकायचा असतो. मी एकदा चुकलो, तर खालचा रंगवाला माझी पिशवी हातात धरून जिना चढून आला. "हे काच. हे कागद. तू शिकलेला आहेस ना?" मी म्हटलं, शाळेत कचरा नव्हता अभ्यासाला. तो म्हणाला, "मग इथे आहे." आणि जिन्यात उभं राहून मला सगळी पिशवी पुन्हा निवडायला लावली. आणखी एक म्हणजे इथे शेजारी मेला तरी

हे वाक्य सोडून देतो. ताकाला जाऊन भांडं लपवतोय मी, बाबा.

एकोणीस तारखेला बाईंचे यजमान आमच्या दारात आले. ड्युटीचा गणवेश, टोपी हातात. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "त्या रविवारपासून तिनं एकही इंजेक्शन घेतलेलं नाही. फ्रीजचा एक कप्पा भरला आहे. मी सांगून पाहिलं, डॉक्टर फोनवर ओरडला. ती म्हणते, मी नऊ माणसांत उभी राहून बोलले आहे. नव्या बुटानं अंगठ्याला फोड आला होता, तो काळा पडलाय. ती फक्त तुझं ऐकेल. तू येऊन सांग की ती बरी झालेली नाही."

छोटे पाळक म्हणाले नाहीत या वेळी.

मी त्याच दुपारी गेलो. बाई स्टुलावर बसून इस्त्री करत होत्या. कधी बसून करत नसत. उजव्या पायाला फडकं. यंत्रांचा आणि साबणाचा वास नेहमीचाच होता, त्याखाली दुसरा एक वास होता. तो वास मला ओळखीचा आहे. कुठला ते इथे लिहीत नाही.

मी म्हटलं, "अंगठा डॉक्टरना दाखवलात का?"

"डॉक्टर आधी साखर मोजेल."

"मोजू दे की."

"मोजली तर काय निघेल?"

मी घडी केलेल्या कपड्यांचा गठ्ठा सरळ केला.

"तू सांग. तुला ठाऊक आहे म्हणाला होतास."

मी म्हटलं की औषधही प्रभूच्याच हातून येतं, विश्वास ठेवावा आणि औषधसुद्धा घ्यावं. बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. "बरी झालेल्या बाईला औषध कशाला? मी बरी झाले आहे की नाही, एवढं सांग. हो किंवा नाही. मी तसं करीन."

बाबा, एक शब्द होता. 'नाही'. लहान मुलाला येतो. तो तोंडापर्यंत आला आणि मला तुम्ही दिसलात, देवळात माझं पत्र धरून उभे असलेले. पत्रकातला फोटो दिसला. मी म्हटलं, "विचार करून सांगतो." त्या म्हणाल्या, "बरं. मी थांबते."

त्याला आठ दिवस झाले. मी पुन्हा गेलो नाही. पोती लंबू नेतो. आल्यावर तो काही सांगत नाही आणि मी विचारत नाही.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. एका शब्दात लिहा. माघार घेऊ की नको? तुम्ही घे म्हणालात की त्याच पावली जाऊन सांगतो.

हे लिहिताना लंबू मागे उभा होता. मी काय लिहितोय ते सांगितलं तर म्हणाला, "बारा दिवस जायला, बारा यायला. तुझे वडील डॉक्टर आहेत?"

"माझ्या वडिलांचं नाव काढू नकोस."

"मी त्यांचं नाव काढत नाही. बाईंचं काढतोय."

लवकर लिहा.

तुमचा,
धाकटा

•

५ जुलै

बाबा,

लाँड्रीवाल्या बाई गेल्या. सत्तावीस जूनला, दुपारी. हे आधी लिहिलं, नाहीतर मी पुन्हा कचऱ्याच्या डब्यांत शिरलो असतो.

तुमचं पत्र वीस तारखेला आलं. पोस्टातल्या माणसाचं गणित बरोबर होतं. वर बायबलमधलं एक वचन आणि खाली तुमच्या अक्षरात, "ढळू नकोस. शंकेला दारातच अडव." मी ते जिन्यात उभा राहून वाचलं आणि माझी छाती हलकी झाली. हे मुद्दाम लिहितो. मला रडू आलं नाही, भीती वाटली नाही, हलकं वाटलं. कारण न जाण्याचं मी केव्हाच ठरवलं होतं. फक्त त्यावर तुमची सही नव्हती, ती मिळाली. तेव्हा तुम्ही 'नको' लिहिलंत म्हणून मी गेलो नाही असं मी कुणापाशी म्हणणार नाही. तुम्ही काय लिहाल हे मला पत्र टाकतानाच माहीत होतं. म्हणून तर तुम्हाला विचारलं. ताईला विचारलं असतं तर तिनं फोनवर मला शिव्या घालून त्याच मिनिटाला धाडलं असतं.

तेवीसला सकाळी बाईंना दवाखान्यात नेऊन गुडघ्यापासून पाय काढला. विष वर चढलं होतं. लंबूनं मला सायकलवर बसवलं आणि फाटकापर्यंत नेलं. म्हणाला, "आत तू एकटा जा. नियम गेला खड्ड्यात."

सहा खाटांची खोली. बाई जाग्या होत्या. चादर एका बाजूला सपाट होती. मी खाटेपाशी उभा राहिलो आणि एकदाचं बोललो. म्हटलं, "तुम्ही बऱ्या झाला नव्हता. मला काहीही ठाऊक नव्हतं. मी चुकलो."

त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यात. घसा कोरडा पडायला लागला, सारखं उठावं लागे. अकरा वर्षांचा आजार, मला कळणार नाही?"

"मग इंजेक्शन का नाही घेतलंत?"

"मी उभी राहून बोलले होते. आणि घेतलं असतं तर तू कोण ठरला असतास? एवढ्या लांबून आलेलं पोर. तुझं नाव छापून आलं होतं. म्हटलं, हा येईल आणि आपल्या तोंडानं सांगेल, मग घेईन. तू म्हणालास, विचार करून सांगतो. मी थांबले."

मी खाली बसलो.

"गेल्या महिन्यात सांगितलं असतंस तर पाय राहिला असता," त्या म्हणाल्या. रागानं नाही. बस किती वाजता सुटली ते सांगावं तसं. मग म्हणाल्या, "त्यांना सांग, मधल्या यंत्राचा पट्टा बदलायला आलाय." यजमानांबद्दल. ते बाहेरच बसले होते. तो बाईंनी माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द.

मातीला पंधरा-वीस माणसं होती. कुणी रडलं नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. हात बाजूला सोडून सरळ उभी. मी रडत होतो तर एका बाईनं मला रुमाल दिला आणि दोन पावलं लांब सरकली, मला रडायला जागा देत असल्यासारखी.

आजच्या रविवारी थोरले साहेब उपासनेला आले. बाई विश्वासात झोपी गेल्या, असं म्हणाले. त्यांचे यजमान आले होते, गणवेशात, कारण तासाभरानं त्यांची बस होती. ते खिडकीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. थोरल्यांचं बोलणं संपल्यावर ते उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. म्हणाले, "माझी बायको बरी झाली नव्हती." आणि बसले.

आणखी एक शब्द नाही. माझ्याकडे बोट नाही. शेवटचं गीत होईपर्यंत बसून राहिले, दारात माझा हात हातात घेऊन दाबला आणि ड्युटीवर गेले. मागून लंबू म्हणाला, "हे तू करायचं होतंस." मला ते कळलं होतं. उभं राहून बोललेलं इथे उभं राहूनच मागे घेतात. त्या बाईचं वाक्य तिच्यावरून उतरवायला तिचा नवरा आला, आणि ज्यानं ते तिच्या तोंडात घातलं तो पहिल्या रांगेत गीतांच्या वह्या गोळा करत होता.

थोरल्यांना मी विचारलं, पत्रकात दुरुस्ती छापाल का. ते म्हणाले, "त्या माणसाचं दुःख मी समजू शकतो. पण अनेकांचा विश्वास त्या पानावर उभा आहे." मला महिनाअखेर दुसऱ्या शहरात पाठवताहेत. तिथे बरं वाटेल म्हणाले. मी हो म्हटलं. मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. नाही भांडलो. आता मी कशालाही हो म्हणेन असं वाटतं.

बाबा, प्रभू नाही असं मला वाटायला लागलंय असं समजू नका. तो आहे. ऐकतो, यातही मला शंका नाही. म्हणूनच तोंड उघडत नाही. सकाळी गुडघे टेकतो आणि तसाच उठतो. लंबू शेजारी बेसूर गात असतो, ते ऐकतो.

आता आईचं.

इथे भिंतीला खिळा मारायला परवानगी आहे. लंबूनं चार मारले आहेत. फोटो मी लावला नाही, कारण मला तिच्यासमोर कपडे बदलायची, जेवायची लाज वाटली असती.

तुम्ही तीन दिवस पाळकांच्या सभेला गेला होता. मी एकोणीस वर्षांचा होतो. मोरीतून आवाज आला म्हणून धावलो तर आई भिंतीला टेकून उभी होती, पदर खाली, आणि छातीवरची गाठ फुटली होती. तिनं साक्ष दिल्याला तेव्हा पाच महिने झाले होते. मी म्हटलं, चल, आत्ता दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, "वेडा आहेस का? सगळ्यांदेखत बोलले मी. आता डॉक्टरकडे गेले तर यांची प्रार्थना खोटी पडेल. पाळकाच्याच घरात फळली नाही म्हणतील. यांना सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे." मग म्हणाली, "ती जुनी निळी चादर फाड आणि पट्ट्या करून दे."

मी फाडली. ती जाईपर्यंत, अकरा आठवडे, पट्ट्या धुतल्या, विहिरीच्या मागच्या बाजूला वाळत घातल्या. ताईला ती पोटुशी होती म्हणून सांगितलं नाही. तुम्ही एकदा विचारलंत, निळी चादर कुठे गेली, तर आई म्हणाली, दारावर आलेल्या बाईला दिली. तुम्ही म्हणालात, बरं केलंस.

सुईणआजींना सोपं होतं, बाबा. साक्ष द्यायची आणि पंप कमरेला लावायचा. त्यांच्यावर कुणाची लाज अवलंबून नव्हती. आईनं तुम्हाला सांभाळलं आणि बाईंनी मला. म्हणजे मी इथे येऊन केलं काय, तर जे घरी बघून गप्प बसलो तेच दुसऱ्याच्या घरात नेऊन लावलं.

तुम्हाला ठाऊक होतं का, हा प्रश्न सात वर्षं माझ्या तोंडात आहे. एकाच खोलीत निजत होता तुम्ही. वास येत होता. मला अंगणात येत होता. पण आता विचारत नाही. ठाऊक नव्हतं असं तुम्ही लिहिलंत तर मी विश्वास ठेवणार नाही, आणि होतं असं लिहिलंत तर ते वाचून मी काय करू? नव्या शहराचा पत्ता कळवत नाही. ताईला फोन करीन तेव्हा तुमची तब्येत विचारीन.

आपल्या देवळात येऊन चार माणसांत उभं राहण्याइतकं माझ्यात काही उरलेलं नाही. तुम्ही उभे राहाल अशी आशाही मी करत नाही. तिचं वाक्य तिच्यावरून उतरवायला कुणी येणार नाही. म्हणून इथेच लिहितो, बसून, जिथे वाचणारे तुम्ही एकटे आहात.

माझी आई बरी झाली नव्हती.

तिचा,
धाकटा